पडद्याकडे पाठ

सिनेमा मुंबईला तयार होतो आणि पत्र्याच्या डब्यांत भरून आगगाडीने जळगावला येतो, हे मी बायकांना बारा वर्षं सांगत होते. त्यांना ते कधी पटलं नाही. त्यांच्या मते सिनेमा मीच करत होते. नायिकेला सासूने घराबाहेर काढलं की मध्यंतरात चारजणी माझ्यापाशी येऊन उभ्या राहायच्या आणि म्हणायच्या, गरिबाच्या लेकीचे एवढे हाल करायचे का हो बाई? नायक दारू प्यायला लागला की माझ्याकडे असं बघायच्या, जशी बाटली मीच नेऊन दिली. शेवट गोड झाला तर मात्र माझं कुणी नाव काढत नसे. पदर सावरत, पोरांना ओढत सरळ टांग्याकडे.

मी बायकांच्या दारावर होते. आजच्या मुलींना हे समजावून सांगावं लागतं. स्वातंत्र्य मिळालं त्या सुमाराला आमच्या टॉकीजमध्ये बायकांचा भाग वेगळा होता. डाव्या अंगाला कमरेइतकी लाकडी भिंत, तिच्यावर दांडीला अडकवलेला काळा पडदा. दिवे असेपर्यंत तो ओढलेला, दिवे गेले की बाजूला. पुरुषांचं दार रस्त्यावर, बायकांचं मागच्या गल्लीत. त्या दारावर बाईच हवी, ती लिहिती-वाचती हवी आणि कुणाला भिणारी नको, असं मॅनेजरांचं म्हणणं होतं. माझे यजमान त्याच टॉकीजचे बोर्ड रंगवत. त्यांनी माझं नाव सुचवलं. मी माहेरची धुळ्याची, मराठी सातवी पास. भीत नव्हते असं नाही, पण चेहरा न भिणाऱ्या बाईचा होता.

काम काय? तिकीट फाडून अर्धं परत द्यायचं, बॅटरी दाखवून बाकावर बसवायचं. पाचजणींच्या बाकावर सातवी आली, की आधीच्या सहाजणींचं ऐकून घ्यायचं. रडणारं पोर आईसकट बाहेर काढायचं असा नियम होता. प्रत्यक्षात आई पोर माझ्या खांद्यावर टाकून परत आत जायची. बारा वर्षांत मी एकही सिनेमा सलग पाहिला नाही, पण निम्म्या जळगावची पोरं माझ्या खांद्यावर झोपली. आणि सगळ्यात मोठी जबाबदारी म्हणजे फिल्म तुटून मध्येच दिवे लागले, तर धावत जाऊन तो काळा पडदा ओढायचा. ऑपरेटर फिल्म जोडेपर्यंत पुरुषांच्या बाजूने शिट्ट्या आणि बायकांच्या बाजूने मला शिव्या.

मॅनेजरांची आणखी एक अट होती. ते नाशिकचे. म्हणाले, बाई, दारावर बोलायचं ते शुद्ध बोलायचं, आपल्याकडे वकील-डॉक्टरांच्या बायका येतात. आमच्या घरी 'आहे'ला 'शे' म्हणत आणि 'सगळं'ला 'बठ्ठं'. ते मी घरी ठेवून यायला लागले. जमलं. इतकं जमलं की माझी स्वतःची आई एकदा धुळ्याहून सिनेमा बघायला आली, तेव्हा मी तिलाही "या, बसा" म्हणाले. ती रात्रभर माझ्याशी बोलली नाही.

शौकीन बायकांचे नमुने सांगायचे तर हा अंक पुरायचा नाही. एक मास्तरीणबाई एकच सिनेमा अकरा वेळा बघायला आल्या. मला वाटलं, नायक आवडला असेल. त्यांना नायिकेच्या स्वयंपाकघरातलं कपाट आवडलं होतं. तसंच करून घ्यायचं म्हणून त्या सुताराला घेऊन दारावर आल्या. पुरुषाला मी सोडेना, तेव्हा दुसऱ्या दिवशी सुताराच्या बायकोला घेऊन आल्या. ती बिचारी पडद्याकडे बोटं धरून वितीने मापं घेत बसली. कपाट झालं. त्याचं दार लागत नाही म्हणून तक्रार घेऊन मास्तरीणबाई माझ्याकडे आल्या, सुताराकडे नाही. दुसरी एक, कापड दुकानदाराची बायको, आत जाण्याआधी रोज मला विचारायची की आजच्या सिनेमात कुणी मरतं का. मरत असेल तर मरणाच्या आधी मला उठवा, मला सहन होत नाही. मी अंधारात जाऊन तिला उठवायची आणि ती दारापाशी उभी राहून माझ्याकडूनच ऐकायची, आता काय झालं, गेली का, कोण कोण रडतंय. मग आतल्यांपेक्षा जास्त रडायची.

असल्या बायकांवर वैतागायचं, पण रागवायचं कसं? संसारातून तीन तास चोरून त्या आलेल्या असत. मला खरा राग आला तो एकदाच, आणि तो कुणावर काढावा हे मला आजही नीट कळलेलं नाही.

त्या वर्षी एक मराठी सामाजिक सिनेमा आला. नाव लिहीत नाही. पुण्यातल्या डॉक्टरांचं घर, तंबोरा घेऊन गाणारी नायिका, आणि त्या घरात गंगी नावाची मोलकरीण. गंगी खानदेशातली. तिला गाव विचारलं की ती "जळगाव" म्हणायची आणि थिएटर हसायचं. विजेचा दिवा मालवायला ती बल्बवर फुंकर मारायची. धन्याघरची केळी चोरून पदराखाली लपवायची, आणि पकडली गेली की पुढे आलेले दात दाखवून म्हणायची, "म्या काय नाय केलं शे!" हे वाक्य सिनेमात नऊदा होतं. पहिल्या दोन दिवसांत जळगावातल्या पोरांच्या तोंडी ते बसलं. यजमानांनी बोर्डावर नायिकेपेक्षा गंगीचे दात मोठे काढले, कारण मुंबईहून आलेल्या नमुन्यात तसेच होते.

पहिल्या आठवड्यात गावातल्या बायका आल्या, आणि त्या हसल्या. मीही दारात उभी राहून हसले. हे लिहायला आजही जड जातं. ज्या बोलीत माझी आई मला जेवायला हाक मारायची, त्या बोलीला मी परक्यांबरोबर हसले, आणि हसताना मला बरं वाटत होतं की मी आता तशी बोलत नाही.

मग बाजाराचा दिवस आला. त्या दिवशी दुपारच्या खेळाला खेड्यातल्या बायका येत, आणि त्यांची पुढारीण म्हणजे नशिराबादच्या सुभद्राअक्का. घरची केळी-कपाशी, पन्नाशीचं वय, बोलणं थोडं आणि मोजकं. सात-आठ बायका बैलांच्या दमणीत घालून त्या प्रत्येक सिनेमाला येत. इतकी सिनेमाची वेडी बाई मी दुसरी पाहिली नाही. एका नटीला ताप आल्याचं मी त्यांना पेपरातून वाचून दाखवलं, तर अक्कांनी तिच्यासाठी पाच शुक्रवार धरले होते.

त्या दिवशी मध्यंतरात अक्का माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या.

"बाई, हे कोन्त्या गावचं बोलनं हाये?"

मी म्हणाले, अक्का, सिनेमा आहे, गंमत असते.

"तू हासली का?"

मी बॅटरी पदराने पुसायला लागले. अक्कांनी तेवढ्यावरून ओळखलं.

तोवर मागे दोघी-तिघी जमल्या होत्या. जळगावच्या पूर्वेकडच्या बायकांचं बोलणं वेगळं आणि धुळ्याकडचं वेगळं, हे बाहेरच्यांना माहीत नसतं. अक्कांकडे 'शे' म्हणतच नाहीत. त्या म्हणाल्या, हे धुळ्याकडचं आहे, आमचं नव्हे. तर धुळ्याहून लग्नाला आलेल्या दोघी त्यांच्या अंगावर आल्या. त्यातली थोरली म्हणाली, "'शे' आम्हना शे, पण 'म्या' कोना?" आमच्यात कुणी 'म्या' म्हणत नाही, 'नाय' म्हणत नाही, आणि 'केलं'ला 'करं' म्हणतात. मग 'म्या' कुणाचं यावर वाद लागला. एक म्हणाली घाटावरचं, एक म्हणाली वऱ्हाडातलं. घंटा झाली, सिनेमा सुरू झाला, आतून नायिकेचं गाणं ऐकू यायला लागलं, आणि ह्या दारात हात नाचवत भांडतायत. मी हात जोडले. शेवटी सगळ्यांचं एका गोष्टीवर एकमत झालं, की असं जगात कुणीच बोलत नाही.

"बोलनं कोनाचंच नयी," अक्का म्हणाल्या, "पन हासू ऱ्हायले आपल्यावर."

आणि सगळ्या गाण्यासाठी आत पळाल्या.

पुढच्या बाजाराला अक्का आल्या त्या पत्र लिहून घ्यायला. सिनेमा काढणाऱ्याला पत्र. मी सांगितलं, मी टॉकीजची नोकर आहे, हे मला करता येणार नाही. त्या म्हणाल्या, मग आम्ही कुणाकडे जायचं, लिहिता-वाचता येणारी आमच्या ओळखीची तूच. मी घरी बसून पत्र लिहिलं. अक्का सांगत होत्या, मी शुद्ध करत होते. आमच्याकडच्या बायका केळी चोरत नाहीत, आल्यागेल्याला फण्याच्या फण्या देतात. आमच्या गावात वीज नाही हे खरं, पण ज्याला कंदील मालवता येतो तो बल्बला फुंकर मारत नाही. शेवटचं वाक्य मी जसंच्या तसं ठेवलं: तुम्हाला आम्ही हसण्यासारख्या वाटत असलो तर इथे येऊन चार दिवस ऐका, आम्ही तुमच्या गंगीपेक्षा पुष्कळ जास्त हसवतो. खाली सह्या थोड्या आणि अंगठे जास्त.

उत्तर आलं, पण ते अक्कांना नाही. आमचं पत्र मुंबईच्या ऑफिसने मॅनेजरांकडे परत पाठवलं, आपल्या पब्लिकला समज द्यावी म्हणून. मॅनेजरांनी अक्षर ओळखलं. त्यांनी मला ऑफिसात बोलावलं आणि बसायलाही सांगितलं नाही.

"पगार टॉकीजचा आणि पत्रं पब्लिकची? पुन्हा असं काही दिसलं तर मी दुसरी बाई बघेन. आणि बोर्ड रंगवायलाही दुसरा माणूस."

यजमानांना मी बोर्डाचं सांगितलं नाही. पण त्यांना कळलं असावं. दोन दिवसांनी त्यांनी शिडी लावून बोर्डावरच्या गंगीचे दात बारीक केले. कुणी विचारलं तर उन्हाने रंग उडाला म्हणून सांगायचं ठरलं.

पत्र परत आल्याचं मी अक्कांना सांगितलं आणि हात जोडून म्हणाले, आता माझ्या नोकरीवर आलंय, सोडून द्या. त्या म्हणाल्या, तू काही करू नको, आमचं आम्ही बघतो.

पुढच्या बाजाराला तीन दमण्या आल्या. नशिराबादच्या होत्या, जवळपासच्या खेड्यांतल्या होत्या, आणि वाटेत भेटलेली एक जामनेरची लग्नाची मंडळीही होती, जिला कशासाठी चाललोय हे पुरतं माहीत नव्हतं. सगळ्यांनी रीतसर तिकिटं काढली, गुपचूप बाकांवर बसल्या. मला वाटलं, निभावलं. मग पडद्यावर गंगी आली आणि बायकांची अख्खी बाजू बाकावर गर्रकन फिरली. पडद्याकडे पाठ, तोंड माझ्याकडे. आवाज नाही, बोलणं नाही. पडद्याच्या उजेडात नुसते पदर दिसत होते. लाकडी भिंतीपलीकडे हसणारे पुरुष आधी गोंधळले, मग माना उंच करून बघायला लागले.

पण ह्यात एक अडचण होती, आणि ती त्यांनी आधी लक्षात घेतली नव्हती. गंगीकडे पाठ फिरवायची, पण नायिकेचं गाणं चुकवायचं नव्हतं. सिनेमा सोडवत तर कुणालाच नव्हता. पाठ फिरवल्यावर गंगी गेली कधी हे कळायचं कसं? एवढ्या बायका अंधारात माझ्याकडे बघत होत्या. पहिल्या बाकावरची हळूच म्हणाली, बाई, गेली का ती?

मी नोकरीचा विचार केला. यजमानांच्या बोर्डाचा केला. आणि गंगी पडद्यावरून गेल्यावर बॅटरी एकदा भिंतीवर चमकवली. सगळ्या परत फिरल्या. त्या खेळात मी नऊदा बॅटरी लावली. इतकं लक्ष देऊन मी कुठलाच सिनेमा पाहिला नव्हता.

आता कुणालाही वाटेल, ह्यावर सिनेमा पडला असेल. उलट झालं. गावात बातमी पसरली की बाजाराच्या खेळाला बायका पाठ फिरवून बसतात, आणि ते बघायला पुरुषांची झुंबड उडाली. भुसावळहून माणसं यायला लागली. आधी हसलेल्या वकिलांच्या बायकाही पाठ फिरवायला म्हणून दुसऱ्यांदा आल्या. उतरायला आलेला सिनेमा आणखी चार आठवडे मुक्काम करून बसला. माझ्यावर ओरडणारे मॅनेजर आता मला चहा पाजायला लागले आणि पुढच्या बाजाराला अक्का येणार ना, असं विचारायला लागले. मी अक्कांना सांगितलं की तुमच्या पाठींमुळे गंगीचं फावलंय. त्या म्हणाल्या, मग काय तोंड फिरवायचं?

मुंबईच्या ऑफिसला जळगावचा गवगवा कळला. त्यांनी ठरवलं की गंगीचं काम करणारी नटीच जळगावला पाठवायची. फक्त बायकांचा दुपारचा खेळ, आणि सिनेमाआधी ती रंगमंचावर येऊन दोन शब्द बोलणार. तिला मी इथे वत्सलाबाई म्हणते. तिची मुलंबाळं असतील, खरं नाव नको.

वत्सलाबाई सकाळच्या गाडीने उतरल्या. बरोबर मुंबईच्या ऑफिसचा एक माणूस, इस्त्रीचा कोट घातलेला. बाईमाणूस म्हणून त्यांना माझ्या दाराशेजारच्या खोलीत बसवलं. मी पुढे आलेल्या दातांची, धिप्पाड बाई शोधत होते. समोर साध्या पातळातली एक किडकिडीत बाई, दात सरळ, डोळ्यांखाली काळं. प्रवासाने तिला मळमळत होतं. मी माझ्या शुद्ध भाषेत म्हणाले, बसा हं, पाणी आणते. माठातून पाणी घेताना पेला हातातून निसटला आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "पडना वं माय."

बाईंनी मान वर केली.

"धुयानी शे का वं तू?"

धुळ्याची आहेस का, असं त्या विचारत होत्या, आणि सुरात कुठेही खोट नव्हती. त्या शिरपूरच्या निघाल्या. आई एका फिरत्या नाटक कंपनीत स्वयंपाक करायची, तिच्याबरोबर मुलगी गावोगाव फिरली, पुढे मुंबईला गेली. मी सरळ विचारलं की मग तुम्ही असं कसं बोललात. त्यांनी सांगितलं की पहिल्यांदा त्या बरोबरच बोलल्या होत्या. दिग्दर्शकाने कॅमेरा थांबवला आणि सांगितलं, असं बोललात तर कुणाला हसू येणार नाही. 'म्या' आणि 'नाय' त्याने घातलं, दात त्याने लावले. नाही म्हटलं असतं तर दारात दुसऱ्या चारजणी उभ्या होत्या.

आई आहे का, मी विचारलं.

"शे," त्या म्हणाल्या. "तिले हाऊ सिनेमा दखाडा नै मी."

आईला हा सिनेमा दाखवला नाही. एवढं बोलून त्या मी पुन्हा भरून दिलेलं पाणी प्यायल्या आणि त्यांनी तोंड पुसलं.

खेळाला बायकांनी थिएटर भरलं होतं. त्या दिवशी पुरुष नव्हते, म्हणून काळा पडदाही नव्हता. मॅनेजरांचं भाषण झालं. कोटवाल्याने वत्सलाबाईंना पुढे केलं. टाळी वाजली नाही. त्यांनी हात जोडले आणि पाठ केलेलं बोलायला सुरुवात केली, की जळगावच्या रसिक भगिनींचं प्रेम वगैरे. अक्का पहिल्या बाकावर होत्या. त्या उठून उभ्या राहिल्या.

"बाई, तू कोन्त्या गावची?"

वत्सलाबाई म्हणाल्या, मी मुंबईला असते.

"ऱ्हाते कोठी ते नयी इचारलं. जल्माची कोठली?"

वत्सलाबाईंनी कोटवाल्याकडे पाहिलं. तो नको नको अशी मान हलवत होता. सगळं थिएटर थांबलं होतं. मी दारात होते. माझ्यापासून चार हातांवर मॅनेजर उभे होते. मला आजही सांगता येत नाही की ते कसं झालं, पण मी तिथून मोठ्याने म्हणाले, "सांग ना वं. शिरपूरनी शे, ते सांग ना."

एवढ्या वर्षांत माझ्या तोंडून त्या इमारतीत ही बोली कुणी ऐकली नव्हती. मॅनेजरांनी माझ्याकडे पाहिलं. अक्कांनी पाहिलं. धुळ्याच्या बायकांत कुजबुज झाली.

आणि वत्सलाबाई बोलायला लागल्या. त्या फार काही बोलल्या नाहीत. शिरपूरला घर कुठे होतं, आई ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी कशी थापायची, कंपनीच्या बैलगाड्या नदीतून जाताना मायलेकी भांड्यांवर बसून कशा जायच्या. मग दिग्दर्शकाचं सांगितलं, जे मला सांगितलं होतं तेच. त्या बोलत होत्या ती माझ्या आईची बोली होती, आणि थिएटरच्या रंगमंचावरून ती मी पहिल्यांदा ऐकत होते. कुणी हसलं नाही. दिग्दर्शकाचं खरं होतं. माझ्याच डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि पुसायला हात मोकळा नव्हता, खांद्यावर कुणाचं तरी पोर झोपलं होतं.

ही गोष्ट इथे संपली असती तर किती बरं झालं असतं. पण माझ्या पब्लिकला मी ओळखून होते. मागच्या बाकावरून शाळेतल्या मुलीचा आवाज आला: "आता तो डायलॉग म्हणा ना." आणि दुसरी म्हणाली, हो हो, म्हणा ना. आणि बघता बघता निम्मं थिएटर तेच मागायला लागलं. आत्ता डोळे पुसत होत्या त्याच बायका. मला त्यांना एकेकीला धरून बाहेर काढावंसं वाटलं.

वत्सलाबाई अक्कांकडे बघत उभ्या राहिल्या. कोटवाला आता हसत होता. अक्का म्हणाल्या, "म्हन व माय. तुहं पोट हाये त्याच्यावर. आज आमी पाठ नयी फिरवत."

वत्सलाबाईंनी ओठ वर ओढून दात पुढे काढले, कमरेवर हात ठेवला आणि ते वाक्य म्हटलं. थिएटर कोसळलं हसून. अक्का हसल्या नाहीत. पण त्यांनी मानही वळवली नाही. वाक्य संपेपर्यंत वत्सलाबाईंच्या तोंडाकडे त्या सरळ बघत राहिल्या, घरातल्या मुलीची परीक्षा बघायला बसल्यासारख्या.

जाताना वत्सलाबाईंनी माझ्या हातात हात दिला. दमणीतून केळीचा एक घड त्यांच्यासाठी स्टेशनवर गेला. तो कोटवाल्याने उचलला की त्यांनी, मला माहीत नाही.

दुसऱ्या दिवशी मॅनेजर मला म्हणाले, बाई, दारावर शुद्ध बोलायचं ठरलं होतं. मी हो म्हणाले. त्यानंतर वकिलांच्या बायकांशी मी शुद्ध बोलत राहिले आणि बाजाराच्या दिवशी माझं माझं बोलत राहिले. त्यांनी ते ऐकलं नाही असं दाखवलं. दारावर बायका रांग लावून उभ्या असल्या की मॅनेजरांना एका कानाने कमी ऐकू येई.

एवढं रामायण झाल्यावर आमच्या बायका शहाण्या झाल्या असतील, असं मला वाटलं होतं. दीडेक वर्षाने एक हिंदी मारामारीचा सिनेमा आला. नायक विमानातून जंगलात पडतो, आणि तिथे अंगाला काळं फासलेले, डोक्यात पिसं खोचलेले, नाकात हाडूक घातलेले लोक नायिकेला कढईत उकळायला निघतात. सिनेमातला खलनायक हातातला नकाशा दाखवून म्हणतो, हा सातपुडा आहे. जळगावातून आभाळ स्वच्छ असलं की उत्तरेला दिसतो तो सातपुडा.

अक्का बाजाराच्या दिवशी आल्या. बरोबर नेहमीच्या बायका, आणि एक नवी, रुमलीबाई. त्याच सातपुड्याच्या पायथ्याच्या पाड्यावरची, कापूस वेचायच्या हंगामात अक्कांच्या शेतावर कामाला उतरलेली. दंडात चांदीचं जाड कडं, हिरवं लुगडं, पाठ अगदी ताठ. जन्मातला पहिला सिनेमा. अक्कांनीच हौसेने तिला आणलं होतं, तिचं तिकीट काढलं होतं, आणि शेजारी बसवलं होतं.

ते पिसांचे लोक कढईभोवती नाचायला लागले तेव्हा बायकांची बाजू हसून लोळली. सगळ्यात मोठं हसणं अक्कांचं होतं. त्यांचा आवाज मला दारापर्यंत ओळखू येत होता. माझ्या डोक्यात तिडीक गेली. वाटलं, मध्यंतर होऊ दे, विचारतेच आज.

मध्यंतर झालं. अक्का डोळे पुसत बाहेर आल्या, गूळ-शेंगदाण्यांची पुरचुंडी सोडली, रुमलीबाईच्या हातावर मूठभर ठेवले. मी तोंड उघडणार, तेवढ्यात रुमलीबाईनेच मला विचारलं. खानदेशी ती मोडकीतोडकी बोलायची, पडद्यावरचं हिंदी तिला कळलं नव्हतं.

"बाई, या लोके कोठला शेतस?"

हे लोक कुठले आहेत. अक्कांचा हात पुरचुंडीतच राहिला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि त्या पाहण्यात होतं की सांगू नको. मला क्षणभर वाटलं, सांगावंच, अक्कांसमोर सांगावं, खलनायक काय म्हणाला ते. पण रुमलीबाईच्या तोंडाकडे पाहिल्यावर माझ्याने ते झालं नाही.

मी म्हणाले, "मुंबईना शेतस."

रुमलीबाईने थोडा विचार केला. मग मान हलवली. तिला वाटलंच होतं, म्हणाली, कारण डोंगरात कुणी असं उघडं राहिलं तर पहिल्या थंडीतच मरेल. शेंगदाणे चावत ती काही वेळ उभी राहिली. तिच्या तोंडावर हसू नव्हतं, राग नव्हता. त्या लोकांची तिला कीव आलेली दिसत होती.

"मुंबईमा कपडा भेटस नै का वं?" तिने विचारलं.

अक्का तिच्याकडे बघत राहिल्या. मग पुरचुंडीतले उरलेले सगळे शेंगदाणे त्यांनी तिच्या ओंजळीत ओतले, आणि सिनेमा सुरू झाल्याची घंटा झाली तरी दोघींपैकी कुणीही आत गेलं नाही.